तुटलेल्या पात्याची साक्ष

विमान डोक्यावरून गेले, तरी आज कामात गढलेला मनुष्य मान वर करून पाहत नाही. शेकडो प्रवासी एकाच विमानात बसून समुद्र ओलांडतात आणि वाटेत निर्धास्तपणे झोपही घेतात. परंतु ही निर्धास्तता मनुष्याला फुकट मिळालेली नाही. विमानविद्येच्या बाल्यावस्थेत कित्येक धाडसी तरुणांनी तिच्यासाठी प्राण वेचले. त्यांच्यापैकी एकाची ही हकीकत आहे. त्याचे नाव थॉमस सेल्फ्रिज.

१७ डिसेंबर १९०३ रोजी अमेरिकेतील किटी हॉक येथील वाळवंटी किनाऱ्यावर विल्बर आणि ऑर्व्हिल या राइट बंधूंनी यंत्राच्या शक्तीने चालणारे विमान प्रथम उडवले. ते पहिले उड्डाण अवघ्या बारा सेकंदांचे होते. पुढील काही वर्षे दोघे भाऊ आपल्या डेटन या गावी राहून यंत्रात शांतपणे सुधारणा करीत राहिले. १९०८ साली अमेरिकेच्या सैन्याने त्यांच्याशी करार केला. विमानाने दोन माणसांना घेऊन एक तास हवेत राहावे, त्याचा वेग ताशी चाळीस मैल असावा आणि राइट बंधूंनी दोन मनुष्यांना विमान चालवण्यास शिकवावे, अशा त्या कराराच्या अटी होत्या. या कसोट्यांना यंत्र उतरले, तर सैन्य त्यासाठी पंचवीस हजार डॉलर देणार होते.

विल्बर त्या वेळी फ्रान्समध्ये आपले विमान लोकांना दाखवत होता. म्हणून सैन्यापुढील परीक्षेची जबाबदारी धाकट्या ऑर्व्हिलवर आली. वॉशिंग्टन शहराजवळ, पोटोमॅक नदीच्या पलीकडे, फोर्ट मायर नावाची लष्करी छावणी होती. तिच्या कवायतीच्या मैदानावर ३ सप्टेंबर १९०८ रोजी ऑर्व्हिलने पहिले उड्डाण केले. पुढील आठवड्यात तर त्याने एका तासाहून अधिक काळ हवेत राहून दाखवले. दोन अधिकाऱ्यांना त्याने एकामागून एक आपल्या शेजारी बसवून फिरवूनही आणले. ही नवलाई पाहण्यासाठी रोज लोकांची रीघ लागू लागली.

हे यंत्र कसे होते, ते प्रथम समजून घेतले पाहिजे. त्याला एकावर एक असे दोन लांब पंख होते. पंखांचा सांगाडा लाकडाचा असून त्यावर कापड ताणून बसवलेले होते, आणि सर्व सांगाडा तारांनी आवळून बांधलेला होता. खालच्या पंखावर दोन साध्या आसनांवर चालक आणि त्याचा सोबती उघड्या हवेत बसत. त्यांच्याभोवती भिंत नव्हती, अंगाला पट्टा नव्हता, डोक्यावर शिरस्त्राण नव्हते. शेजारीच इंजिन धडधडत असे. इंजिन साखळ्यांच्या योगाने पाठीमागचे दोन मोठे पंखे फिरवी. पंख वेगळे आणि पंखे वेगळे, हे मात्र ध्यानात ठेवावे. पंख यंत्राला हवेत तोलून धरतात, तर पंखे हवा मागे लोटून यंत्राला पुढे ढकलतात. प्रत्येक पंख्याला लाकडाची दोन लांब पाती होती.

विमानाला वळवण्यासाठी दोन प्रकारची सुकाणू होती. पुढच्या बाजूला आडवे सुकाणू होते. त्याच्या साह्याने विमानाचे तोंड वर किंवा खाली करता येई. शेपटाकडे उभे सुकाणू होते. होडीचे सुकाणू तिला जसे डावीकडे किंवा उजवीकडे वळवते, तसेच काम ते करी. हे उभे सुकाणू तारांच्या आधारावर ताठ उभे राहत असे. मनुष्याचे प्राण त्या दिवशी अशाच एका तारेवर अवलंबून होते.

लेफ्टनंट थॉमस सेल्फ्रिज सव्वीस वर्षांचा होता. वेस्ट पॉइंट येथील प्रसिद्ध सैनिकी विद्यालयातून तो १९०३ साली बाहेर पडला होता. विमानविद्येचे त्याला विलक्षण वेड होते. दूरध्वनीचा शोध लावणारे अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी काही तरुणांना हाताशी धरून विमाने बनवण्याचा उद्योग मांडला होता. सेल्फ्रिज त्या मंडळीत सामील झाला. डिसेंबर १९०७ मध्ये बेल यांनी बांधलेल्या एका प्रचंड पतंगावर स्वार होऊन तो एका सरोवरावर सुमारे सात मिनिटे तरंगत राहिला. पुढे मे १९०८ मध्ये त्याने स्वतः विमानही चालवले. अमेरिकेच्या सैन्यातील ज्या अधिकाऱ्याने प्रथम एकट्याने विमान उडवले, तो हाच.

राइट बंधूंच्या यंत्राची परीक्षा पाहण्यासाठी सैन्याने जे मंडळ नेमले होते, त्यात सेल्फ्रिजचा समावेश होता. ऑर्व्हिलला मात्र त्याच्याविषयी पुरता विश्वास वाटत नव्हता. हा तरुण दुसऱ्या विमाने बनवणाऱ्या मंडळींपैकी एक आहे, तो आपली गुपिते तिकडे नेईल, अशी शंका त्याच्या मनात होती. परंतु मंडळाच्या सभासदाला नकार देता येत नव्हता. शिवाय सेल्फ्रिजला लवकरच दुसऱ्या कामगिरीवर जायचे होते. म्हणून ऑर्व्हिलने त्याला बरोबर घेण्याचे कबूल केले.

१७ सप्टेंबर १९०८ चा दिवस उजाडला. त्या दिवशीच्या उड्डाणासाठी यंत्राला नवे पंखे बसवलेले होते. ते पहिल्या पंख्यांपेक्षा थोडे अधिक लांब होते. सायंकाळी पाचच्या सुमारास दोन हजारांहून अधिक लोक मैदानाभोवती जमले. सेल्फ्रिजने अंगातला कोट आणि डोक्यावरची टोपी काढून ठेवली आणि तो आनंदाने ऑर्व्हिलच्या शेजारी जाऊन बसला. पाच वाजून चौदा मिनिटांनी यंत्र रुळावरून घसरत हवेत चढले.

पहिल्या काही फेऱ्या निर्वेध पार पडल्या. यंत्र जमिनीपासून शंभर-दीडशे फूट उंचीवरून मैदानाला प्रदक्षिणा घालत होते. इतक्यात ऑर्व्हिलच्या कानांवर पाठीमागून हलकेच टकटक असा आवाज आला. त्याने वळून पाहिले, पण त्याला काही दिसले नाही. तरीही त्याने धोका ओळखला. इंजिन बंद करावे आणि खाली उतरावे, असे त्याने ठरवले. त्याने ते ठरवले न ठरवले, तोच मागे दोन जबर दणके बसले. सर्व यंत्र थरथर कापू लागले आणि उजवीकडे वळले. ऑर्व्हिलने इंजिन बंद केले. यंत्र सावरण्यासाठी त्याने दांडे ओढून पाहिले, परंतु शेपटाकडचे सुकाणू त्याचे ऐकेना. एका क्षणी यंत्राचे तोंड खाली झाले आणि ते सरळ जमिनीच्या दिशेने कोसळू लागले. ऑर्व्हिल पुढचे आडवे सुकाणू जिवाच्या आकांताने ओढत होता. जमीन सुमारे पंचवीस फुटांवर राहिली असता यंत्राचे तोंड हळूहळू वर येऊ लागले. आणखी थोडी उंची हाताशी असती, तर कदाचित दोघेही सुखरूप उतरले असते. परंतु ती उंची नव्हती. यंत्र धाडकन जमिनीवर आदळले आणि धुळीचा लोट उसळला.

लोक धावले. दोघेही मोडलेल्या सांगाड्याखाली रक्तबंबाळ होऊन पडले होते. राइट बंधूंचा विश्वासू कारागीर चार्ली टेलर याने ऑर्व्हिलच्या गळ्याभोवतीचे कपडे सैल केले. आणि मग त्या मोडक्या यंत्राला टेकून तो हुंदके देऊन रडू लागला. सेल्फ्रिजचे डोके सांगाड्याच्या लाकडी खांबावर आपटून त्याची कवटी फुटली होती. छावणीच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया करण्यात आली, परंतु तो शुद्धीवर आलाच नाही. त्याच रात्री आठच्या सुमारास त्याची प्राणज्योत मालवली. यंत्रशक्तीने चालणाऱ्या विमानाच्या अपघातात मरण पावलेला जगातील पहिला मनुष्य, अशी त्याची इतिहासात नोंद झाली.

ऑर्व्हिल वाचला. पण त्याची डावी मांडी मोडली होती आणि काही बरगड्याही मोडल्या होत्या. त्याची बहीण कॅथरिन डेटन येथे शिक्षिका होती. तार मिळताच ती शाळेचे काम सोडून निघाली आणि भावाच्या उशाशी येऊन बसली. सुमारे सहा आठवडे तिने त्याची अहोरात्र शुश्रूषा केली. तिकडे फ्रान्समध्ये विल्बरला दुसऱ्या दिवशी ही वार्ता कळली. आपण तेथे असतो तर हे घडले नसते, या विचाराने तो व्याकूळ झाला. त्या दिवशीचे उड्डाण त्याने रद्द केले. परंतु लोकांचा आपल्या यंत्रावरील विश्वास उडू नये, म्हणून २१ सप्टेंबर रोजी तो पुन्हा हवेत चढला आणि दीड तासाहून अधिक काळ उडत राहिला.

मुलांनो, अशा प्रसंगी मनुष्य दोन प्रकारे वागू शकतो. ‘दैवाची गती, त्याला कोण काय करणार!’ असे म्हणून तो उसासा टाकतो. किंवा ‘हे का घडले?’ असा प्रश्न विचारतो. राइट बंधूंनी दुसरा मार्ग धरला. ऑर्व्हिल अंथरुणाला खिळलेला असतानाच त्याच्या कारागिरांनी मोडलेल्या यंत्राचे अवशेष त्याला आणून दाखवले. त्या मुक्या तुकड्यांनीच मग साक्ष दिली.

ती साक्ष अशी होती. उजवीकडच्या पंख्याच्या एका पात्याला लांबीच्या दिशेने चीर गेली होती. चिरलेले पाते हवेच्या दाबाने सपाट होऊ लागले, त्यामुळे त्याला हवा पुरेशी लोटता येईना. दुसरे पाते मात्र पूर्ववत जोर करीत होते. भोवरा एका अंगाने फुटला, तर फिरताना तो कसा थरथरतो, हे तुम्ही पाहिले असेल. तसाच हा पंखा जोराने थरथरू लागला. त्या थरथरीने पंख्याच्या आसाला आधार देणारी नळी ढिली झाली आणि पंखा आपली जागा सोडून डोलू लागला. डोलता डोलता त्याचे पाते उभ्या सुकाणूला ताणून धरणाऱ्या तारेवर आदळले. पाते तुटले आणि तारही आपल्या खोबणीतून उखडली गेली.

आता उभे सुकाणू ताठ कसे राहणार? ते एका बाजूला कलंडले. उभे सुकाणू कलंडले म्हणजे ते आडव्या सुकाणूसारखे काम करू लागते. हवेच्या दाबाने त्याने विमानाचे शेपूट वर उचलले, आणि शेपूट वर गेले म्हणजे तोंड खाली जाणारच. ऑर्व्हिल पुढचे सुकाणू ओढत असूनही यंत्र का सावरेना, याचा असा उलगडा झाला. सैन्यानेही स्वतंत्र चौकशी केली. पंख्याचे पाते अकस्मात तुटले आणि त्यामुळे यंत्रावर ताबा राहिला नाही, असाच निर्णय तिनेही दिला.

कारण समजले की उपायाची दिशा सापडते. हा दोष पुन्हा उद्भवू नये, अशी काळजी घेऊन दोघा भावांनी नवे यंत्र बांधले. १९०९ च्या उन्हाळ्यात ऑर्व्हिल त्याच फोर्ट मायरच्या मैदानावर परत आला. ज्या जमिनीवर आपला सोबती गतप्राण झाला आणि आपले हाड मोडले, त्याच जमिनीवरून पुन्हा उड्डाण करण्यास केवढे मनोबल लागले असेल! २७ जुलै १९०९ रोजी लेफ्टनंट लाम याला शेजारी बसवून तो एक तास बारा मिनिटे हवेत राहिला. ३० जुलै रोजी लेफ्टनंट फुलॉय याला घेऊन तो अलेक्झांड्रिया गावाच्या दिशेने जाऊन परत आला. हे अंतर दहा मैलांचे असून त्याचा सरासरी वेग ताशी बेचाळीस मैलांहून अधिक भरला. विमान परीक्षेत उतरले. ठरल्यापेक्षा वेग अधिक असल्यामुळे सैन्याने बक्षिसासह तीस हजार डॉलर देऊन ते विकत घेतले.

करारातील शिकवण्याची अट अजून पुरी व्हायची होती. १९०९ च्या ऑक्टोबरात कॉलेज पार्क येथे विल्बरने लाम आणि हम्फ्रीज या दोन अधिकाऱ्यांना धडे दिले. जेमतेम तीन-साडेतीन तासांच्या शिक्षणानंतर दोघांनीही एकट्याने उड्डाण केले. आज अनेक देशांत खाजगी वैमानिकाच्या परवान्यासाठी निदान चाळीस तासांचे उड्डाण लागते. यावरून त्या काळचे शिक्षण किती त्रोटक होते, हे ध्यानी येईल. फुलॉयची गोष्ट तर याहून नवलाची आहे. शिक्षण अपुरे असतानाच त्याला विमान देऊन टेक्सास प्रांतातील फोर्ट सॅम ह्यूस्टन येथे पाठवण्यात आले. २ मार्च १९१० रोजी त्याने तेथे एकट्याने उड्डाण केले. अडचण आली की तो राइट बंधूंना पत्र लिहून विचारी आणि त्यांच्या उत्तरांवरून पुढचा धडा शिकत असे. आसनावरून आपण फेकले जाऊ, असा अनुभव आल्यावर त्याने चामड्याचा पट्टा तयार करवून स्वतःला आसनाशी बांधून घेतले. आज प्रत्येक प्रवासी जो पट्टा बांधतो, त्याचा हा एक पूर्वज म्हणता येईल. डोक्याला शिरस्त्राण असते तर सेल्फ्रिज वाचला असता, असेही पुढे अनेकांचे मत झाले, आणि सैन्यातील वैमानिक जाड शिरस्त्राणे वापरू लागले.

तथापि बळींची मालिका येथे थांबली नाही. १० मे १९११ रोजी त्याच फोर्ट सॅम ह्यूस्टन येथे लेफ्टनंट जॉर्ज केली हा आपल्या परीक्षेचे उड्डाण करीत असता उतरताना कोसळून मरण पावला. त्यानंतर तेथील उड्डाणे थांबवण्यात आली आणि शिक्षणाचे काम कॉलेज पार्ककडे गेले. पुढे कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो येथे सैन्याची विमानशाळा निघाली, तेव्हाही शिकणारे तरुण एकामागून एक प्राणांना मुकले. त्या काळच्या पुष्कळ विमानांत इंजिन चालकाच्या पाठीशी असे. विमान तोंडावर आपटले की ते जड इंजिन पुढे येऊन चालकाला चिरडी. फेब्रुवारी १९१४ मध्ये आणखी एका तरुण अधिकाऱ्याचा मृत्यू झाला, तेव्हा सैन्याने अशा विमानांची चौकशी केली आणि त्यांचा वापर बंद केला. त्यांच्या जागी इंजिन आणि पंखा पुढच्या बाजूला असलेली विमाने शिक्षणासाठी आली. येथेही ‘हे का घडले?’ हाच प्रश्न उपयोगी पडला. दुःखाची गोष्ट एवढीच, की तो प्रश्न विचारण्यास उशीर झाला आणि त्या उशिराची किंमत तरुणांच्या प्राणांनी चुकती झाली.

अपघात होऊन गेला की गेलेला मनुष्य कोणालाही परत आणता येत नाही. मात्र त्याच्या मृत्यूचे कारण शोधून काढले, तर त्याच कारणाने दुसरा मनुष्य मरू नये, एवढे आपल्या हाती असते. आज जगात कोठेही विमान पडले, तर तज्ज्ञ तेथे जातात, लहानमोठे तुकडे गोळा करतात आणि कोणता भाग प्रथम निकामी झाला, ते शोधतात. कोणाला दोष द्यावा यापेक्षा दोष कोठे होता, हे जाणणे त्यांना अधिक महत्त्वाचे वाटते. फोर्ट मायरच्या रुग्णालयात एका जखमी मनुष्याने तुटलेल्या पात्याची साक्ष ऐकली, तेव्हा तोही याच वाटेने चालला होता.

थॉमस सेल्फ्रिज अपघाताच्या जागेपासून जवळच, आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत चिरविश्रांती घेत आहे. मिशिगन प्रांतातील एका विमानतळाला १९१७ साली त्याचे नाव देण्यात आले. परंतु त्याचे खरे स्मारक दगडाचे किंवा नावाचे नाही. विमान आकाशात चढण्यापूर्वी कुशल कारागीर त्याचे पाते आणि पाते, कळ आणि कळ तपासून पाहतो. ती दक्ष नजर हेच त्या तरुणाचे स्मारक होय.

स्वाध्याय

१. राइट बंधूंनी सैन्याशी केलेल्या कराराच्या अटी कोणत्या होत्या?

२. ‘पंख’ आणि ‘पंखा’ यांची विमानातील कामे कोणती, ते सांगा.

३. उजव्या पंख्याच्या पात्याला चीर गेल्यापासून विमान कोसळेपर्यंत काय काय घडले, ते क्रमाने लिहा.

४. अपघातानंतर विल्बर, ऑर्व्हिल आणि कॅथरिन हे प्रत्येकी कसे वागले? त्यावरून त्यांचे कोणते गुण दिसतात?

५. ‘कोणाला दोष द्यावा यापेक्षा दोष कोठे होता, हे जाणणे अधिक महत्त्वाचे.’ आपल्या अनुभवातील एखादे उदाहरण देऊन या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.

६. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : रीघ लागणे, प्राण वेचणे, जिवाच्या आकांताने, अंथरुणाला खिळणे, प्राणज्योत मालवणे.